गडग्यातली वाट

नाही, बाई, आधी ते फाटक. नुसतं लोटून चालत नाही त्याला, कडी उचलून खाचेत पाडावी लागते— हां, आता बसली. डोंगरावरच्या मेंढ्या दिवसभर त्या फाटकावर डोळा ठेवून असतात, की कधी एकदा सरकारी माणूस येतो आणि उघडं टाकून जातो. तुम्हाला नाही म्हणत. तुमचे बूट बघितले मी मघाशीच, बरे आहेत, चिखलातले आहेत. पूर्वी तुमच्या खात्यातले एक साहेब आले होते, काळे चकचकीत बूट घालून, ते ओढा ओलांडताना एक बूट आम्हाला ठेवून गेले— त्यांचं असू द्या. त्यांचं नंतर बोलू, नाहीतर नकोच बोलायला. बसा इथं, बाकावर. घरात बसवलं असतं, पण घरात पसारा आहे, आणि तुम्हाला बघायचंय ते कुरण, ते इथून सगळं दिसतं. गोठ्याच्या या अंगाला वारा लागत नाही. आमचे वडील म्हणायचे, अर्नेस्ट— अर्नेस्ट मी, तुमच्या कागदावर ई. कोट्स असेल— अर्नेस्ट, कुरणातला गोठा बांधताना लोकांनी गुरांचा जेवढा विचार केला, तेवढा घरं बांधताना माणसांचा नाही केला. मी हिवाळ्यात कितीदा इथंच येऊन बसतो. गुरं नसली तरी येतो.

चहा थर्मासमधला आहे, चालेल ना? आणि हा केक घ्या. दुकानातला आहे, मी केलेला नाही, घाबरू नका. हे चीज त्याच्याबरोबर— एक घास केक, एक घास चीज. कधी नाही खाल्लंत असं? म्हणजे दक्षिणेकडच्या तुम्ही. असू द्या, त्यात तुमचा काय दोष. इथं उत्तरेत, स्वेलडेलच्या खोऱ्यात, पाहुण्याला चीजशिवाय केक दिला तर तो समजतो, की आपण लवकर उठावं अशी यजमानाची इच्छा आहे. तुम्ही उठू नका एवढ्यात. डबा? हो, छान आहे, निळ्या फुलांचा. आमच्या घरातला नाही तो. कोणाचा म्हणजे— आहे एकांचा. परत द्यायचा राहिलाय. एप्रिलपासून राहिलाय. घ्या ना अजून एक तुकडा, मला एकट्याला दोन आठवडे पुरतो एक केक, शेवटी शेवटी तर मी तो कर्तव्य म्हणून खातो.

तर कुरण. बघा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सप्टेंबर अर्धा सरला आणि गवत तसंच आहे. उभं म्हणवत नाही, लोळलंय सगळं, गुडघाभर. हात घालून बघा, खाली काळं पडायला लागलंय, वास येतोय. अहो, मला माहीत आहे त्याचा अर्थ. हे असंच कुजत बसलं तर खालच्या बारीकसारीक रोपांना उजेड मिळत नाही, बी मातीपर्यंत पोचत नाही, दोन वर्षांत नुसतं जाडंभरडं गवत उरतं. फुलांच्या कुरणाला कोणी मारत नाही, नुसतं कापलं नाही की मरतं ते आपलं आपण. तुमचं पत्र मिळालं मला. दोनदा वाचलं. पंधरा जुलैच्या आत विळा लावायचा नाही, त्यानंतर कापायचं, वाळवायचं, उचलून न्यायचं, हिवाळ्यात गोठ्यातलं शेणखत तेवढं पसरायचं, दुसरं खत नाही, नांगर नाही, विकतचं बी नाही, कुरणाभोवतीचे दगडी गडगे आहेत तसे ठेवायचे— म्हणजे आमचे आजे-पणजे करत आले तेच करायचं, फक्त तसं करू म्हणून सही करून द्यायची. आजोबांना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, बाळा, जेवायची पण सही मागतात का रे आता? पण बरोबर आहे तुमचं. सह्या नसत्या तर खोऱ्यात एक कुरण उरलं नसतं. मी करारावर रागावलेलो नाही. क्लिफ रागावायचा, माझा थोरला भाऊ.

आणि महिनाअखेरपर्यंत कापून उचललं नाही तर करार मोडला असं धरायचं, ते तुम्ही जाड अक्षरात लिहिलंत. जाड अक्षराची गरज नव्हती, चष्मा आहे माझ्याकडे. करार मोडला की कुरण मोकळं. आणि मोकळं म्हणजे कोणाला मोकळं? स्टुअर्टला. स्टुअर्ट आमचा भाचा, डार्लिंग्टनला असतो, ख्रिसमसला न चुकता फोन करतो, वाईट मुलगा नाही. हे कुरण क्लिफच्या वाट्याचं होतं, ते आता त्याचं. करार आहे तोवर त्याला हात लावता येत नाही, एवढंच. खालच्या गाईवाल्या शेतकऱ्याशी त्यानं बोलून ठेवलंय, मला सांगितलं त्यानं, लपवलं नाही— तो नांगर घालणार, एकाच जातीचं हिरवंगार गवत पेरणार आणि वर्षातून तीनदा कापून प्लास्टिकात गुंडाळून नेणार. रानातलं जांभळं जिरेनियम, तो खुळखुळा, तांबड्या बोंडांचं ते काय तुम्ही लोक लॅटिनमध्ये म्हणता ते— सगळं एका दुपारी. जूनमध्ये यायला हवं होतं तुम्ही. जूनमध्ये या बाकावर बसलं की माणसाला उठवत नाही. क्लिफसुद्धा बसायचा. म्हणायचा, बूट काढतोय. अर्धा तास बूट काढायचा.

का नाही कापलं, हे लिहायचंय ना तुम्हाला? लिहा, पाऊस होता. नव्हता का जुलैमध्ये? तेही लिहिलेलं असतं का तुमच्याकडे? मग लिहा, म्हाताऱ्याचा खुबा गेलाय— हा डावा. खोटं नाही ते. लिहा, कापणीचं यंत्र स्टुअर्टनं जूनमध्ये नेलं, म्हणाला, मामा, तुला काय करायचंय ते आता. तेही खरंच आहे. पण बाई, यंत्र असतं तरी मी कापलं नसतं. आता तुम्ही अशा बघू नका. सांगतो. आमच्यात ठरवायचं क्लिफ. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. जुलै लागला की सकाळचा चहा झाल्यावर तो कुरणात यायचा, मी त्याच्या मागे चार पावलांवर. मूठभर गवत उपटायचा, पिळायचा, वास घ्यायचा. मग तो खुळखुळा— पिवळी फुलं येतात बघा त्याला, ती गळली की बी शेंगेत सुटं होतं आणि वाजतं— ते एक झाड तोडून कानापाशी हलवायचा. मग एवढंच म्हणायचा, ‘चालेल.’ की आम्ही कामाला. त्यानं मान हलवली की अजून नाही. साठ वर्षं, बाई. साठ वर्षांत मला एकदाही ‘चालेल’ म्हणायची वेळ आली नाही. मी दाताळं मारायचो, ओळी करायचो, ढीग रचायचो, गोठ्याच्या माळ्यावर गवत तुडवायचो, ते सगळं मला येतं, डोळे मिटून येतं. यंदा सोळा जुलैला मी आलो इथं. मूठभर उपटलं. पिळलं. खुळखुळा कानापाशी धरला— वाजला. चांगला वाजला. आणि मी उभा राहिलो. कशासाठी उभा राहिलो माहीत आहे? कोणीतरी ‘चालेल’ म्हणेल म्हणून. मग दुसऱ्या दिवशी आलो. मग तिसऱ्या. तुमचा कायदा कधी कापायचं नाही ते सांगतो, पण कधी कापायचं ते सांगायला माणूस लागतो, आणि तो एप्रिलमध्ये गेला. मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत गेला. कोकरू हातात होतं त्याच्या. कोकरू जगलं. ते बघा, ते काळ्या तोंडाचं, तिकडे— नाही, त्याच्या पलीकडचं.

एकटं वाटतं, दुसरं काय. घरात घड्याळ आहे, त्याला चावी तो द्यायचा, आता मी देतो, आणि ते चालतं. एवढंच चालतं घरात.

बरं, एक विचारायचं होतं. तुम्ही आलाच आहात म्हणून. तो समोरचा गडगा दिसतोय का, कुरणाच्या खालच्या अंगाचा? त्याच्या पलीकडे आल्डरसनांचं कुरण, सेप आल्डरसन. त्या कोपऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर गडग्याचा रंग जरा वेगळा दिसेल— दगडांवर शेवाळ कमी आहे तिथं. दिसलं? तेवढा भाग काढायचा म्हटला तर तुमच्या परवानगीचा कागद लागतो ना? करारात आहे, गडग्याला हात लावायचा नाही. नाही, असंच विचारतोय. कारण? कारण लिहावंच लागतं का? मग राहू द्या. चहा निवला का तुमचा?

सेपकडे कापणीचं यंत्र आहे, चालत चालवायचं, छोटं. या उताराला तेच बरं. तो दोन दिवसांत उडवील हे सगळं. पण तो येणार नाही. म्हणजे फाटकातून येणार नाही. क्लिफनं त्याला सांगितलं होतं, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही— आणि सेप शब्द पाळणारा माणूस, दुसऱ्याचासुद्धा. आमच्या पोस्टमनला म्हणाला तो ऑगस्टमध्ये, की अर्नेस्टला मदत करायला माझी ना नाही, पण ज्या वाटेनं घालवलं त्या वाटेनं बोलवा. पोस्टमननं निरोप सांगितला. मी म्हटलं, पाकीट द्या आणि जा. कुठली वाट म्हणजे? तीच की, शेवाळ कमी असलेली. तिथं वाट होती पूर्वी. गवत ओढायची घसरगाडी जाईल एवढी. तीन दिवस दोन्ही घरं मिळून आमचं गवत करायची, तीन दिवस त्यांचं. सेपची बायको एडी टोपलीतून चहा आणायची, आणि केक, निळ्या फुलांच्या डब्यातून— हो. तोच. तोच डबा हा. क्लिफच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तो त्या गडग्यावर ठेवलेला होता, बरोबर त्या जागी. चॅपलमध्ये सेप आत आला नव्हता. बाहेर कुंपणापाशी टोपी हातात धरून उभा होता, सगळं संपेपर्यंत. मी बघितलं त्याला. बोलावलं नाही. केक मी खाल्ला सगळा, डबा धुतला, आणि मग तो परत द्यायचा म्हणजे— रोज सकाळी मी डब्याला बघतो आणि डबा मला बघतो.

भांडण कशाचं, हे तुमच्या त्या फाइलमध्ये असेल. अकरा वर्षांपूर्वी आम्ही चार दिवस आधी कापलं होतं. करार नवा होता, दुसरंच वर्ष. अकरा जुलै. आभाळ निळं, रेडिओवर सांगितलं, चार दिवस ऊन आणि मग पंधरवडाभर पाऊस. क्लिफनं खुळखुळा हलवला आणि म्हणाला, चालेल. मी म्हटलं, क्लिफ, पंधरा तारीख. तो म्हणाला, गवताला तारीख कळत नाही. आणि कर्ल्यू होता कुरणात, लांब वाकड्या चोचीचा पक्षी, पिल्लं होती त्याची. आणि क्लिफनं यंत्र घातलं. पिल्लं असताना. तुम्हाला काय वाटतं ते ऐकून? मलाही तेच वाटलं. मग आठवड्यानं ते बूटवाले साहेब आले. कोणीतरी पत्र पाठवलं होतं, नाव न घालता, छापल्यासारख्या मोठ्या अक्षरांत— तारखेआधी कापणी झाली म्हणून. साहेबांनी ताकीद दिली, पुन्हा झालं तर करार रद्द, कागद वाचून दाखवला अंगणात उभं राहून. ते एका बुटावर गाडीत जाऊन बसले, तेव्हा क्लिफ म्हणाला, सेप. दुसरं होतं कोण इथं? कापणी झाली हे बघायला या उतारावर दोनच घरं. सेप आमच्या दारात आला, म्हणाला, मी नाही, क्लिफ, शपथेवर. क्लिफनं त्याला ते दाराचं वाक्य सांगितलं. आणि त्याच दुपारी त्यानं ती वाट बुजवली. चार तासांत. गडगा रचायला क्लिफसारखा हात खोऱ्यात नव्हता. एकदा उचललेला दगड तो पुन्हा खाली ठेवत नसे, त्याची जागा शोधूनच थांबायचा. ओढ्यातून दगड आणले. मी त्याला दगड देत होतो. सेप पलीकडे उभा होता, गवत वाळत पडलं होतं त्याचं, आणि आम्ही दोघं त्याला एकेक दगड कमी कमी दिसत गेलो. आधी पाय, मग कंबर. शेवटी मला त्याची नुसती टोपी दिसत होती. मी दगड देत होतो, बाई.

काय शोधताय त्यात? राहू द्या, जुनी पानं कशाला काढता, वाऱ्यानं उडतील. तळाशी काय आहे ते? निळं. दाखवा— नको, नका दाखवू. ठेवतात तुम्ही लोक सगळं. अकरा वर्षं. निळा कागद आमच्या आईच्या पत्रांच्या पॅडमधला आहे. मंगळवारी क्लिफ बाजाराला जायचा, जनावरांच्या लिलावाला, त्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात बसलो आणि— हो. मी. दुसरं कोण? या उतारावर दोन घरं, हे क्लिफचं बरोबर होतं. फक्त आमच्या घरात दोन माणसं होती, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

पक्ष्यासाठी लिहिलं. लिहिलंय ना त्यात, पक्ष्याचं? हो. पक्ष्यासाठीच— नाही. थांबा. तुम्ही इतक्या लांबून आलात, तुम्हाला अर्धंच कशाला सांगू. पक्ष्याला काही झालं नव्हतं. मी आदल्या दिवशी पिल्लांच्या जागेपाशी काठी रोवून तिला पांढरं फडकं बांधलं होतं, आणि क्लिफनं त्या काठीभोवती यंत्र वळवलं. टेबलाएवढा चौकोन सोडला गवताचा, न सांगता. दोन दिवसांनी पिल्लं वर डोंगराकडे निघून गेली आईबरोबर, मी पाहिली. ते मी पत्रात लिहिलं नाही. माझा राग वेगळा होता. मी ‘पंधरा तारीख’ म्हटलं तेव्हा सेप होता तिथं, एडी होती, आणि क्लिफ त्यांच्याकडे बघून हसत म्हणाला, अर्नेस्टला काय विचारायचंय, अर्नेस्टच्या हातात दाताळं द्या म्हणजे झालं. सगळे हसले. वाईट मनानं नाही. मीसुद्धा हसलो. बासष्ट वर्षांचा होतो मी. आणि दाताळं घेतलं. मग तो मंगळवार आला. मला वाटलं, निदान पुढच्या वर्षी, एकदा तरी माझ्या शब्दानं कापणी थांबावी. एवढंच वाटलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण माझं अक्षर क्लिफला यायचं ओळखू.

रोज वाटायचं सांगावं. अकरा वर्षं म्हणजे किती जेवणं होतात, बाई, समोरासमोर बसून? सांगितलं असतं तर त्यानं मला घालवलं असतं, किंवा नसतं घालवलं— हसला असता एखाद वेळेस. ते आता कळायचं नाही. तो सेपवरचा राग घेऊनच गेला आणि तो राग माझ्या वाट्याचा होता. म्हणून मी त्या पोस्टमनला म्हटलं, पाकीट द्या आणि जा. सेपनं येऊन माझं गवत कापायचं, आणि मी त्याच्यामागे दाताळं घेऊन चालायचं, आणि त्यानं दुपारी म्हणायचं, अर्नेस्ट, मी नव्हतं रे लिहिलं ते पत्र— मग मी काय म्हणू? कुरण गेलं तर जाऊ दे, असंही वाटून गेलं ऑगस्टमध्ये. मग ते फुलांचं बी जमिनीकडे वाकलेलं बघितलं, अंगाखाली गवत कुजतंय त्याच्या. फुलांनी काय केलंय? त्यांनी पत्र लिहिलं नव्हतं.

तर लिहा तुम्हाला लिहायचं ते. पण मला एक सांगा, कुरण कापलं नाही हे तुम्हाला कळलं कसं? इथं वर कोणी येत नाही. तुमची माणसं काही सहज फिरत इथवर येणारी नाहीत. कोणीतरी कळवलंच असणार— फोन? कोणाचा? नाव सांगितलं त्यानं? आपणहून?

सेपनं.

म्हणजे या वेळी खरंच त्यानं. अकरा वर्षं ज्याचा आळ घेतला ते त्यानं आता— काय म्हणाला? वाचून दाखवा, लिहून घेतलं असेल ना. हळू वाचा. ‘कोट्सांचं कुरण कापलेलं नाही.’ हं. ‘तीन दिवस धुराड्यातून धूर दिसला नाही. कुरणाचं बघायला जाल तेव्हा माणसाचंही बघा. मला तिथं जाता येत नाही.’ एवढंच? एवढंच. मला सर्दी झाली होती ते तीन दिवस. झोपून होतो. चूल पेटवायची ताकद नव्हती. मला वाटलं होतं, कोणाला कळणारही नाही. तो रोज सकाळी धूर बघतो म्हणजे. क्लिफ असतानाही बघत असेल.

थांबा जरा. वारा आहे, डोळ्यांत गेलं काहीतरी. या अंगाला लागत नाही म्हटलं ना मी, पण लागतो कधी कधी.

तुमचा तो परवानगीचा अर्ज काढा. कारण लिहितो मी. माझ्या अक्षरात लिहितो, मोठ्या नाही. ‘वाट बंद केली कारण’— ते ‘कारण’ किती ओळींत बसवायचं? दोन ओळीच ठेवल्यात तुम्ही. काय? का नको? अर्ज नको म्हणजे परवानगी नाही का मिळणार? नकाशा? हा आमचा नकाशा, हो, करारापाठीमागचा, हे घर, हा गोठा, हा ओढा. बरं. हा खालचा गडगा. बोट ठेवा बरं, मला बारीक दिसत नाही. इथं रेघ तुटलेली आहे.

इथं वाट आहे.

म्हणजे नकाशा वाट बुजायच्या आधीच्या वर्षीचा. आणि नंतर करार पुन्हा झाला तेव्हा कोणी बदललाच नाही. म्हणजे तुमच्या कागदावर ही वाट कधी बुजलीच नाही. अकरा वर्षं ती तिथं उघडी आहे, सही-शिक्क्यासकट, आणि सरकारच्या दृष्टीनं चूक असेल तर ती बंद करण्यात आहे. आणि ‘आहे तसं ठेवायचं’ म्हणजे— काढायलाच लागेल मला ते. कायद्यानं. क्लिफ ऐकता तर— हसला असता, बाई. या एका गोष्टीवर नक्की हसला असता.

नाही, तुम्ही नका हात लावू. सोपं नाही ते, वरचे उभे दगड आधी, मग दोन्ही बाजूंनी एकेक थर, नाहीतर पायावर येतं सगळं. खुबा राहू दे, खुबा मला उद्याही आहे. दगड कुठला कुठं बसवलाय ते मला माहीत आहे, मीच दिला होता एकेक. आणि दगड गवतात नका टाकू, मागे ओळीत ठेवायचे— जाऊ द्या, तुम्ही नका, तुमचं काम झालं. लिहा की महिनाअखेरीच्या आत कापलं जाईल. कोणी ठरवलं असं विचारलं, तर लिहा, अर्नेस्ट कोट्स म्हणाला, चालेल. ‘चालेल’ म्हणायची वेळ दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेलीय, ते नका लिहू. त्या निळ्या कागदाचं मी सांगेन त्याला. तुम्ही नाही. तोंडानं सांगेन.

हाक कशाला मारायला हवी? बिनचुन्याच्या कोरड्या गडग्याचा दगड निघाला की आवाज साऱ्या उताराला जातो, त्याच्या अंगणात तर जाईलच. ऐकलं तर येईल तो गडग्यापाशी. नाही आला तरी वाट तर होईल. डबा तिथंच ठेवा, बाकावर. नको, इकडे द्या तो. असा गडग्यावर ठेवतो मी, बाजूला, जिथून त्याला दिसेल. बरं, निघा आता. चीज खाल्लं नाहीत तुम्ही शेवटपर्यंत. फाटक लावून घ्या जाताना, कडी उचलून— हां, तुम्हाला येतं आता. जा.